बी शिफ्टवाली

१

नवऱ्याची नखं मी दर आयतवारी कापतो. वर्षभरापासून माहा हा नेम हाये, कावून का रीनाच्या बाबाच्या हातात आता नेलकटर देणं बरं नाई. मागच्या आयतवारी कांताबाईच्या शिलाईच्या दुकानात शाळेच्या ड्रेसची ऑर्डर होती, सुट्टी भेटली नाई, नखं राहून गेली. सोमवारी सांजच्याले चहा झाल्यावर मी नेलकटर घेऊन त्यायच्या समोर बसली, हात हातात घेतला, तं नखं कापलेली. दहाच्या दहा. नुसती कापलेली नाई, घासून गोल केलेली, लहान लेकराची करतात तशी.

"कोणं कापली?"

"तूच तं कापली," ते म्हणाले.

"मी? कधी?"

"दोन वाजता."

दोन वाजता मी दुकानात होती, मशीनवर. अन् घराले बाहेरून कुलूप होतं. एकडाव ते जुना ड्रेस घालून, हेल्मेट डोक्यावर ठेवून पायीपायी स्टील प्लँटच्या गेटपर्यंत गेले होते, रिटायर होऊन पाच वर्षं झाल्यावर. तवापासून मी कुलूप लावतो. एक किल्ली माह्या पर्समध्ये, दुसरी शेजारच्या ललिताकडे, आग-बिग लागली तं असावी म्हणून. भिलाईच्या रुआबांध्यात आमचं घर दोन खोल्यायचं. मांगं दार नाई, खिडक्यायले गज. त्यातून उंदीर येईन, बाई कशी येईन?

हो, बाई. माह्या डोक्यात पहिल्या झटक्याले बाईच आली. त्याले कारण हाये.

२

सांगून टाकतो, लपवून काय फायदा. आमच्या दोघायच्याबी आंगात एचआयवी हाये. बारा वर्षं झाली. पहिले त्यायले झाला, त्यायच्यापासून मले. कुठून आला तेबी मले मालूम हाये. भिलाई-३ ले एक बाई राहे, तिच्याकडे त्यायचं जाणं-येणं होतं. झालं ते झालं. दोघंबी रोज एक गोळी खातो. महिन्याची डब्बी भेटते, तिचं लेबल मी चाकूनं खरवडून टाकतो अन् शेजारपाजारच्यायले शुगरच्या गोळ्या म्हणून सांगतो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण मधात दोन वर्षं त्यायनं गोळ्या घेतल्याच नाई. दवाखान्याच्या लाइनीत क्रेनवरचा एक जुना सोबती दिसला, त्याची लाज वाटली, अन् तवापासून रोजची गोळी न्हाणीच्या मोरीत. मले पत्ताच नाई. मले कळलं तवा ते चहात मीठ टाकून राहिले होते अन् चपलेचा पट्टा लावाले दहा मिनटं लागून राहिली होती. डॉक्टरीणबाईनं समजावून सांगितलं. म्हणाल्या, गोळी सुरू केली का रक्तातला विषाणू दबते, पण मेंदूत जो जाऊन बसला तो तिथं हळूहळू आपलं काम करत राहाते. माणूस मंद होते, इसरते. अन् जिथं याद नाई तिथं आपल्या मनचं भरून टाकते. तो खोटं नाई बोलत, त्याले तसंच वाटते.

म्हणजे त्यायच्या बोलण्यावर भरवसा ठेवाचा नाई. ठीक हाये. पण नखं तं मी डोळ्यानं पायली होती.

रीना, आमची पोरगी, पुण्याले नोकरीवर हाये. तिथून उंटावरून शेळ्या हाकते. "मम्मी, तू अकेली कितना करेगी? बाबाले सेंटरमध्ये ठेवू. रायपूरले चांगलं हाये, मी सब पता करून ठेवलं." मी तिले साफ सांगितलं होतं, जोपर्यंत माहं डोकं जाग्यावर हाये तोपर्यंत हा माणूस माह्याच घरात राहीन. त्यायनं माहं वाटोळं केलं हे खरं. पण ते दुसऱ्या कोणाच्या हातचं खात नाई, गोळी तं नाईच नाई. सेंटरवाले तीन दिवस घास भरवतीन, चौथ्या दिवशी ताट उचलून नेतीन. महिनाभरात माणूस संपून जाईन.

रीना म्हणाली, "ठीक है. पण तुले काई झालं तं मी किसीकी नहीं सुनूंगी."

३

मंगळवारी घरी आली तं त्यायच्या डोक्याले तेल लावलेलं. भांग सरळ काढलेला. बुधवारी सदऱ्याची तुटलेली गुंडी लावलेली. मी आठ दिवसापासून लावतो-लावतो म्हणून राहिली होती.

मी बसवलं त्यायले समोर. कूलर बंद केला, का त्याच्या आवाजात त्यायले नीट ऐकू येत नाई.

"दुपारी कोण येते घरी?"

"बी शिफ्टवाली."

हे समजाले तुमाले त्यायची नोकरी समजली पायजे. चौतीस वर्षं ते प्लँटात क्रेनवर होते. ए शिफ्ट सहा ते दोन, बी शिफ्ट दोन ते दहा. तिथला कायदा एकच, रिलीवर आल्याबिगर जागा सोडाची नाई. दोनच्या ठोक्याले दुसरा माणूस वर चढते, चार्ज घेते, मंग पहिला खाली उतरते. नाई आला तं पहिल्यानंच डबल ड्युटी कराची. बाकी सारं इसरले, हे नाई इसरले.

"बी शिफ्टवालीचं नाव काय?" मी इचारलं.

"रुक्मा."

"अन् मी कोण?"

"तू ए शिफ्टवाली. रुक्मा."

"दोघीबी रुक्मा?"

मले काईच समजत नाई अशा नजरेनं त्यायनं पायलं. "शिफ्टमध्ये माणूस बदलते, पोस्ट थोडी बदलते."

ते आपल्याच मनानं पुढं म्हणाले, "चांगली हाये ते. चिडत नाई. बसते जवळ, बोलते." अन् हसले. माह्या आंगाची लाही लाही झाली. बारा वर्षं मी ह्या माणसाचं सारं केलं, हागणं-मुतणं केलं, अन् हासू कोणासाठी, तं बी शिफ्टवालीसाठी.

आमच्या घरी भूत-बित कोणी मानत नाई. माह्या बापानं बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावल्या होत्या, त्या वाचत आमी वाढलो. ज्या घरात देव नाई त्या घरात भूत कुठून येईन? मले भुताचा वहीम नव्हताच. मले वहीम होता भिलाई-३ वालीचा. गुरुवारी दुकानातून लवकर निघाली अन् बस धरून तिथं गेली. घर सापडलं. बाहेर एक म्हातारा बसला होता. म्हणे, ते तं पाच वर्षं झाली, पोराजवळ सुरतले गेली, पाय मोडला हाये, खाटेवरून उठत नाई.

परत येतानी मले खरं तं बरं वाटाले पायजे होतं. नाई वाटलं. तिच्याशी मले भांडता आलं असतं.

४

मंग उरली ललिता. दुसरी किल्ली तिच्याकडे. वयानं तिशीची, दिसाले बरी, नवरा हथखोजच्या कारखान्यात दिवसभर. मी सरळ तिच्या दारात जाऊन उभी राहिली.

"ललिता, माही किल्ली दाखव."

किल्ली खिळ्यावर होती. तिच्यावर कोळ्याचं जाळं होतं, ते मी सोता बोटानं काढलं.

"वैनी, मले किल्लीचं काय काम?" ते म्हणाली. "दुपारच्याले तं तुमी येताच. मी खिडकीतून पायतो ना. एवढ्या उन्हात डोक्यावर पदर घेऊन येता, मले तं दया येते."

मी म्हटलं, पाय कशी साळसूद बनून राहिली. चोराच्या मनात चांदणं. दुपारी हिले सिरियलमधून मान वर कराची फुरसत नाई अन् म्हणे खिडकीतून पायते. मी तिची किल्ली मागून घेतली. ते फक्त माह्याकडे पायत राहिली, अन् तिचं ते पायणं मले आवडलं नाई.

शुक्रवारी दवाखान्यात गोळ्याची तारीख होती. तिथली ताई उरलेल्या गोळ्या मोजते, घेतल्या का टाकल्या ते पायाले. त्यायच्या डब्बीत बरोबर. माही डब्बी तिनं ताटलीत उलटी केली, मोजली, परत मोजली.

"रुक्मा जी, आपके तेरह कम हैं. दिन में दो-दो खा रही हो क्या?"

मी नाई म्हटलं. सांडल्या असतीन म्हटलं. ते रागावली, नवी डब्बी देली, अन् जातानी सहज इचारल्यासारखं केलं, का तुमाले काई इसर-बिसर पडते काय. मी म्हटलं, बिलकुल नाई.

बसस्टॉपवर मी इचार करत बसली. तेरा दिवस, रोज एक गोळी. घरात सोन्याची पोत हाये, ते नाई नेली. मोबाइल नाई नेला. ही गोळी चोरून कोण खाईन? ज्याले ते लागते तोच खाईन ना.

५

शनिवारी मी सापळा लावला.

दाराले कुलूप लावलं, अन् कुलूप अन् कडीच्या मधात पांढरा दोरा बांधला. दोन वेढे अन् उलटा फास, वरून डाव्या हाताची एक गाठ. ही गाठ माह्या मायची. लाखनीले ते शिलाई करे, तिनं मले शिकवली. कांताबाईच्या दुकानात सात बाया हायेत, एकीलेबी ते जमत नाई. दोरा तोडल्याबिगर कुलूप उघडता येत नाई, अन् तोडला तं तशी गाठ परत मारता येत नाई.

दिवसभर मी दुकानात. नवतपा लागला होता, ऊन असं का बाहेर कुत्रंबी नव्हतं. दीड वाजता डब्बा खाल्ला, भेंडीची भाजी अन् आंब्याचं लोणचं, मशीनवर बसूनच. चाळीस ड्रेस शिवले. साडेपाचले घरी पोचली.

दोरा शाबूत होता. गाठ शाबूत होती. दोन वेढे, उलटा फास, डाव्या हाताची गाठ. मले एवढं हायसं वाटलं का मी दाराले टेकून उभी राहिली. काई नाई, त्यायनंच तेल लावलं असीन, त्यायनंच नखं घासली असतीन फरशीवर.

मंग दोरा तोडाले गेली तं तो निळा होता. शाळेच्या ड्रेसचा गर्द निळा दोरा.

मी पर्स उघडली. निळी रीळ माह्या पर्समध्ये नेहमीच राहाते. तिचं टोक दातानं तोडलेलं होतं. मीबी दातानंच तोडतो.

आतून ते म्हणाले, "आली काय? ते आत्ताच गेली."

६

आयतवारी दुकान चालू होतं. मी कांताबाईले एकटं गाठलं. कांताबाई मालकीण हाये पण मनाची साधी.

"बाई, एक सांगा. दुपारी मी कुठं असतो?"

"मस्करी करता काय, रुक्माबाई? दीडले घरी जाता, साडेचारले येता. पंधरा दिवस झाले."

"अन् माहा डब्बा?"

"तुमीच सांगितलं गाईले घालत जा म्हणून. मी घालतो."

मी मशीनवर जाऊन बसली. काल खाल्लेल्या भेंडीची चव माह्या तोंडात होती, लोणच्याची फोड दाताखाली आली होती तेबी याद होतं. जिथं याद नाई तिथं माणूस आपल्या मनचं भरून टाकते. डॉक्टरीणबाई हे त्यायच्याबद्दल बोलल्या होत्या. मी बाजूले बसून मान हालवली होती.

म्हणजे बी शिफ्टवाली मीच. मीच जातो, मीच नखं कापतो, मीच आपली दुसरी गोळी खातो, अन् येतो, अन् इसरतो. तो विषाणू माह्याबी डोक्यात जाऊन बसला. हे सारं बरोबर जुळत होतं, अन् मले भेव वाटलं, सांगतो, असं भेव मले रिपोर्ट आला त्या दिवशीबी नव्हतं वाटलं. मराचं भेव नाई. माहं डोकं गेलं हे रीनाले कळलं का ते गाडी घेऊन येईन, बाबाले रायपूरले नेऊन टाकीन, अन् तिथं ते तोंड मिटून बसतीन. मले तीन दिवसापयले सुरतवाली पायजे होती. आता तं मले कोणीबी बाई चालली असती. ललिता चालली असती. माह्या घरात दुसरी कोणी बाई असो, असं मी मनातून मागून राहिली होती.

तेवढ्यात कांताबाई कापडाचा गठ्ठा घेऊन आली. "पण तुमची कमाल हाये," ते म्हणाली. "तीन घंटे घरी जाऊनबी तुमचे चाळीस ड्रेस रोज पुरे होतात. बाकीच्या बसून राहूनबी पंचवीसच्या वर जात नाई."

मी तिच्याकडे पायलं. तीन घंटे मी इथं नाई, तं चाळीस कोण शिवते?

त्या रात्री फोनवर रीनानं इचारलं, "मम्मी, सब ठीक?" मी म्हटलं, ठीक. ते म्हणाली, शनिवारी येतो.

७

सोमवारी मी सुट्टी घेतली. आज घरातच राहातो, दोन वाजू देतो, मंग काय ते एकडाव होऊन जाऊ दे. मीच असीन तं दाराकडून कोणी येणार नाई. कोणी आलं तं मी वेडी नाई.

दाराले आतून कडी लावली. खुर्ची दारासमोर टाकली अन् बसली. पाठीमांगं स्वयंपाकघर. तिथून याले रस्ता नाई, मी सकाळीच खिडकीचे गज हालवून पायले होते.

त्यायनं एक वाजता आपल्या हातानं तोंड धुतलं. धुतलेला सदरा घातला. दीडपासून घड्याळाकडे पाहाले लागले.

"तू अजून बसून हायेस?"

"आज मी डबल करून राहिली," मी म्हटलं.

"डबल कायले? रिलीवर आली ना."

दार बंद होतं. कडी लागलेली होती. मी दाराकडेच पाहून राहिली होती.

"कुठं आली?"

ते माह्या खांद्यावरून मांगं पाहून राहिले होते, स्वयंपाकघराकडे. चेहरा असा फुलला होता का मले रीना झाली तो दिवस याद आला. "मघाशीच आली," ते हळूच म्हणाले. "तू चार्ज दे अन् जा. बिचारी कवापासून उभी हाये."

मी मांगं वळली नाई. मी रोखठोक बाई हाये, कोणाच्या बापाले भीत नाई, पण मान वळली नाई. घड्याळात दोनाले दोन मिनटं होती. कूलरचा आवाज होता, अन् त्या आवाजाच्या खाली कोणीतरी श्वास घेऊन राहिलं होतं. माहाच असीन म्हणून मी माहा श्वास रोखून पायला.

त्याच्यापुढचं मले याद नाई.

मी बाहेर पायरीवर उभी होती. पायात चपला, हातात पर्स, डोक्यावर पदर. ऊन असं का डोळे उघडत नव्हते. मोबाइलमध्ये पावणेतीन. दार बंद होतं. मी ढकललं, कडी आतून होती.

मी दार वाजवलं. वेळ लागला, त्यायले चालाले वेळ लागते. आतलं लाकडी दार उघडलं, बाहेरचं जाळीचं दार बंदच राहिलं. जाळीतून त्यायनं मले पायलं, अन् दारात आलेल्या परक्या बाईशी बोलतात तसं बोलले.

"कोण पायजे तुमाले?"

"मी रुक्मा," मी म्हटलं. "उघडा."

"रुक्मा घरातच हाये. तुमची ड्युटी झाली ना, बाई? आता तेच राहाणार. साहेबानं लावून देलं." ते समजावणीनं बोलून राहिले होते. "घरी जा, उन्हात नका उभ्या राहू."

आत कुकरची शिट्टी झाली. ते माह्यासमोर उभे होते, दोन्ही हात जाळीले लावून. दुसरी शिट्टी झाली. मंग गॅसचं बटन फिरल्याचा खटका आला, अन् कुकर शांत झाला.

रडाचं होतं मले, ओरडाचं होतं, पूर्ण गल्ली गोळा कराची होती. तोंडातून निघालं ते दुसरंच.

"तुमी गोळी घेतली काय?"

ते गोंधळले. त्यायले याद येत नव्हतं. मान वळवून त्यायनं आत आवाज देला, "रुक्मा, गोळी देली होती काय तू मले? ह्या बाई इचारून राहिल्या."

"देली, जेवण झाल्यावर," आतून आवाज आला. "तुमी या आत, रीनाचे बाबा, सावलीत बसा."

आवाज माहा होता. पण त्यात राग नव्हता. तसं मी त्यायच्याशी बारा वर्षांत एकडावबी बोलली नव्हती.

ते आत गेले. लाकडी दार लागलं. मी पायरीवर बसली, ललिताच्या खिडकीतला पडदा हालला अन् थांबला. शनिवारी रीना येईन, दार वाजवीन, तिले कोण भेटीन, ह्याचाच इचार करत मी बसून राहिली. परत दार वाजवलं नाई. वाजवलं असतं तं ह्या डावाले आतलीनंच उघडलं असतं.